चहा पोटात गेला की पोट रिकामं राहत नाही

आमच्या आत्याचा टीएसएच (रक्तातला हा आकडा वाढला की थायरॉईडचं औषध कमी पडतंय असं समजतात) दर तपासणीत वाढलेलाच. मग थायरॉईडच्या गोळीचा डोस वाढतो, पुन्हा तपासणी, पुन्हा तेच. परवा सहज विचारलं, "आत्या, गोळी घेतेस कशी?" म्हणाली, "अनशापोटीच गं! उठल्या उठल्या, चहाबरोबर."

आपल्या हिशेबात चहा म्हणजे खाणं नव्हेच. कडक उपवासालाही चालतो तो. पण ही गोळी चहा, कॉफी, दुधाबरोबर घेतली की नीट शोषली जात नाही. नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा तास, जमलं तर तासभर, पोटात काही नको. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी तर चार तासांनंतर. आता गंमत बघा, आत्या उद्यापासून ती पाण्याबरोबर घेऊ लागली तर हाच वाढवलेला डोस तिला जास्त होऊ शकतो, धडधड सुरू व्हायची. म्हणून आधी डॉक्टरांच्या कानावर घालायचं आणि सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच परत बघायचा.

माझा राग आत्यावर नाही, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आहे. तिच्यावर फक्त 'जेवणाआधी' किंवा १-०-१. आपल्या दिवसात दोन वेळचा चहा, चतुर्थी, एकादशी, नवरात्र असतं, ते कुणी विचारतच नाही.

उपवासाचं तर विचारूच नका. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी तुम्ही जेवलात की नाही ते बघत नाही, इन्सुलिन सोडायला लावतेच. सकाळी गोळी, दुपारपर्यंत पोटात पाणी. मग साखर उतरून हातपाय थरथरणार, दरदरून घाम फुटणार. घरातले म्हणतात, उपवास बाधला! काही जण उलट गोळीच बुडवतात आणि वर ताटभर साबुदाण्याची खिचडी, की साखर चढलीच. दोन्हीकडून मरण. एकादशीच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरांना एक फोन केला तर ते डोस बदलून देतात. देवालाही चालतं ते, मी जबाबदारी घेते.

याबाबतीत आशाताई बऱ्या. गरोदर बायकांना लोहाची आणि कॅल्शियमची गोळी वेगवेगळ्या वेळी घ्या, लोहाच्या गोळीवर चहा नको, लिंबू सरबत चालेल, असं घरी येऊन सांगतात. शहरातल्या झकपक मेडिकलवाल्याकडून मला एवढं कधी ऐकायला मिळालेलं नाही. तो बिल करतो आणि 'लॉयल्टी पॉइंट्ससाठी मोबाईल नंबर?' एवढंच विचारतो.

तुमच्या घरात कोणती गोळी चहाबरोबर जाते? खाली लिहा.