घडवलेला विषाणू की जुनाच विषाणू? एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली सविस्तर प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘दृष्टिपटलासाठी खास घडवलेल्या विषाणूंनी आनुवंशिक अंधत्वावर मात केली आहे’ हे माझ्या लेखातले वाक्य आपल्याला खटकले. आपले म्हणणे थोडक्यात असे, की मान्यता मिळालेल्या उपचारातला, निरोगी जनुक डोळ्यात पोचवणारा विषाणू जुना, निसर्गातलाच आहे. घडवलेली कवचे, म्हणजे विषाणूंची बाहेरची प्रथिनांची आवरणे, उंदरात चालली आणि माणसात दाह घेऊन आली. शिवाय मिळालेली दृष्टीही काही वर्षांत ओसरते, तेव्हा या सगळ्या खटाटोपाचे फलित काय? ते वाक्य चुकीचे होते, हे आधीच मान्य करतो. पुढच्या मुद्द्यांवर मात्र मी आपल्याशी अर्धाच सहमत आहे.

आरपीई65 या जनुकातील दोषावरचे लक्स्टर्ना हे औषध अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर 2017 मध्ये मान्य केले, आणि त्याचे कवच एएव्ही-2 (अॅडिनो-असोसिएटेड व्हायरस, प्रकार 2) या विषाणूचे, निसर्गात सापडते तसेच आहे. पण नैसर्गिक आहे ते कवचच. विषाणूची स्वतःची रेप (प्रती काढण्याचे) आणि कॅप (कवच बनवण्याचे) ही जनुके काढून टाकलेली असतात. दोन टोकांचे प्रत्येकी 145 बेसांचे (डीएनएच्या अक्षरांचे) तुकडे तेवढे राखतात, कारण त्यांच्यावाचून डीएनए कवचात भरलाच जात नाही. मधल्या जागेत माणसाचे आरपीई65 बसवलेले असते आणि ते चालू करायला कोंबडीच्या एका जनुकाचा प्रवर्तक लावलेला असतो. (माणसाच्या डोळ्यात कोंबडीचा प्रवर्तक, याची मला दर वेळी गंमत वाटते.) एएव्हीत सुमारे 4,700 बेस मावतात आणि आरपीई65 ची संकेतावली (प्रथिन कसे बनवायचे ते सांगणारा भाग) जेमतेम 1,600 बेसांची आहे, म्हणून हे जमून गेले. स्टारगार्ट या दृष्टिपटलाच्या आनुवंशिक आजारातल्या एबीसीए4 या जनुकाची संकेतावली 6,800 बेसांच्या घरात जाते. ती दोन विषाणूंत अर्धी-अर्धी घालून पेशीत जोडून घ्यावी लागते. ही घडण आपण हिशेबातच धरलेली नाही.

कवचाबद्दलचा आपला आक्षेप अधिक वजनदार आहे. लक्स्टर्नाला नवे कवच लागले नाही, कारण तेथे विषाणूचे निम्मे काम शल्यविशारद करतो. आधी डोळ्याच्या पोकळीतला जेलीसारखा काचाभ पदार्थ काढतात, मग अतिशय बारीक नळीने दृष्टिपटलाखाली 0.3 मिलिलिटर द्रव सोडतात. तेवढा भाग फोडासारखा उचलला जातो आणि 150 अब्ज विषाणूकण खालच्या रंगद्रव्य-पेशींना थेट भिडतात. फोडाबाहेरच्या पेशींना मात्र त्यातले फारसे काही मिळत नाही, आणि आजाराने आधीच विरलेले दृष्टिपटल असे उचलणे जोखमीचे असते. म्हणून काचाभात साधे इंजेक्शन देऊन काम भागावे, अशी सगळ्यांची धडपड. तेथे आड येतो तो दृष्टिपटलाच्या आतल्या बाजूचा पातळ पडदा, ज्याच्या हेपरान सल्फेट या शर्करेला एएव्ही-2 चिकटून बसतो.

2013 मध्ये प्रसिद्ध झालेले 7एम8 हे कवच या अडचणीतून निघाले. एएव्ही-2 च्या कवचावर 588 व्या अमिनो आम्लाजवळ सात-सात अमिनो आम्लांचे वाटेल ते तुकडे घालून असंख्य प्रकार तयार केले, ते उंदराच्या काचाभात टोचले, जे प्रकाशग्राही पेशींपर्यंत पोचले ते परत मिळवले आणि पुन्हा टोचले. अशा काही फेऱ्यांतून टिकले ते 7एम8. उंदरात त्याने दृष्टिपटल भरभरून व्यापले. माकडात मात्र ते फोव्हियात (दृष्टिपटलाच्या सर्वांत तीक्ष्ण दृष्टीच्या मध्यबिंदूत) आणि इतरत्र विखुरलेल्या ठिपक्यांत उतरले, कारण माकडाचा तो पडदा जाड असतो आणि फोव्हियापाशी तेवढा विरळ. उंदराला तर फोव्हियाच नसतो. तेव्हा ‘फक्त उंदरात चालले’ हे आपले विधान खरे नाही आणि ‘मात केली’ हे माझेही नाही. चाळणी ज्या डोळ्याची, कवच त्या डोळ्याचे. हे ओळखूनच पुढे माकडाच्या दृष्टिपटलात निवड करण्याचे काम झाले आणि ते 2020 मध्ये प्रसिद्ध झाले.

दाहाचेही तसेच. त्या चाळणीने पेशीत शिरण्याची क्षमता तपासली. रोगप्रतिकारशक्ती काय म्हणेल, हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. 7एम8 मधून अफ्लिबरसेप्ट या डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांची गळती रोखणाऱ्या औषधाचे जनुक देणाऱ्या मधुमेही रुग्णांच्या चाचणीत, एका डोळ्याला 600 अब्ज कणांच्या मोठ्या मात्रेनंतर, 2021 मध्ये काहींच्या डोळ्यातला दाब घसरला, दाह झाला आणि दृष्टी गेली. त्या आजारासाठीचे काम थांबले. वार्धक्यातील मॅक्युलाच्या (दृष्टिपटलाच्या मधल्या भागाच्या) ऱ्हासासाठी कमी मात्रेने पुढे चालू राहिले. आपण हा प्रकार काढलात ते योग्यच झाले, माझ्या लेखात तो यायलाच हवा होता. पण सगळा दोष नव्या कवचावर टाकता येणार नाही: लक्स्टर्ना घेतलेल्या काही डोळ्यांतही दृष्टिपटल आणि त्यामागच्या थराचा ऱ्हास नोंदला गेला आहे, आणि ते कवच जुनेच.

दृष्टी ओसरण्याचा मुद्दा घडवलेल्या कवचांना लागू पडत नाही. 2015 मध्ये ज्या दोन चाचण्यांनी सुधारणा पुढे घटल्याचे कळवले, त्या दोन्हींत एएव्ही-2 चेच कवच होते. प्रकाशग्राही पेशी मरायला लागल्यानंतर जनुक पोचले तर त्यांचे मरणे थांबतेच असे नाही. याउलट लक्स्टर्नाच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीतील रुग्णांची मंद उजेडात अडथळे चुकवत चालण्याची सुधारणा चार वर्षांपर्यंत टिकलेली दिसली.

लेखातले ते वाक्य मी आज बदलले आहे. आता तेथे असे आहे: ‘निसर्गातल्या कवचात घडवलेले जनुक घालून एका आनुवंशिक अंधत्वावर उपचार मिळाला आहे, घडवलेल्या कवचांची माणसाच्या डोळ्यातली परीक्षा अजून चालू आहे.’ यातही काही खटकले तर अवश्य कळवावे.