पैसे देल्ले ना बे तुनं?

आमच्या गावात सिनेमा पाहायचा तर आधी दिग्रसला जावं लागतं. सिनेमा तिथे पाहायचा नसतो, फोनमध्ये उतरवून आणायचा असतो. गावात नेटवर्क सापडतं ते पाण्याच्या टाकीवर, आणि टाकीवर बसून अडीच तास सिनेमा पाहण्याचं माझं वय राहिलेलं नाही. म्हणून बाजाराच्या दिवशी, सांबाराची जुडी सांभाळत, मी बसस्टँडवर उभ्याउभ्या मोठेबाबांसाठी एक जुना मराठी सिनेमा उतरवला. रीतसर, भाड्याचे पैसे भरून.

घरी आल्यावर फोनला वायर लावली, वायर टीव्हीला. संगीत खणखणीत सुरू झालं. पडदा मात्र काळाकुट्ट.

"लाईन गेली काय?" मोठेबाबा.

"लाईन गेली तं आवाज कुठून येऊन रायला?" मोठीआई.

झालं होतं असं की, फोननं टीव्हीला विचारलं, तुझ्याकडे एचडीसीपी आहे का? म्हणजे, तू चित्राची नक्कल करणार नाहीस याचा पुरावा दाखव. आमचा टीव्ही साधं रिमोटचं ऐकत नाही, तो कसली नक्कल करतो! पण संशय तो संशय. फोननं आवाज दिला, चित्र आवळून धरलं.

"पैसे देल्ले ना बे तुनं?"

"देल्ले."

"मंग?"

या 'मंग'चं उत्तर अमेरिकेत आहे. मोठेबाबा बाजेवर उठून बसले तेव्हा मलाही चेव आला. म्हटलं, 2003 साली अ‍ॅपलनं 99 सेंटला एक गाणं विकायला काढलं आणि त्याला फेअरप्ले नावाचं कुलूप घातलं. ते गाणं खिशात घालून ऐकायचं तर अ‍ॅपलचाच आयपॉड घ्या. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं आपलं वेगळं कुलूप आणलं, प्लेजफॉरशुअर. बऱ्याच कंपन्यांनी त्यावर विसंबून यंत्रं बनवली. आणि 2006 मध्ये मायक्रोसॉफ्टनं स्वतःचं झून नावाचं गाणी वाजवायचं यंत्र बाजारात आणलं, त्यात त्या कुलपातली गाणी वाजेनात!

"घरच्याच कुलपाची चाबी घरच्यालेच नाही?" मोठेबाबांना हा प्रसंग फार आवडला. भावकीतला वाटला असावा.

2007 मध्ये स्टीव्ह जॉब्जनं जाहीर पत्र लिहून सांगितलं की आम्हाला कुठे हौस आहे, रेकॉर्ड कंपन्या ऐकत नाहीत. 2009 मध्ये त्यांच्या दुकानातली गाणी सुटली एकदाची. सिनेमे अजून आत आहेत. नाव चोराचं, पण गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दुकानात जाऊ नये म्हणूनही कुलूप फार उपयोगी पडतं, असं माझं मत झालं आहे.

त्याच 2009 मध्ये अ‍ॅमेझॉननं ऑर्वेलच्या '1984' या कादंबरीच्या विकलेल्या प्रती लोकांच्या किंडल नावाच्या पुस्तकं वाचायच्या यंत्रातून परस्पर पुसल्या. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते म्हणे. पैसे परत केले.

"म्हंजे इकलेला बैल राती सोडून नेल्ला," मोठेबाबा म्हणाले, "आन् दाव्याले पैसे बांधून ठेवले."

आपल्याकडेही असं कुलूप नक्कल मारण्यासाठी तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आहे, 2012 पासून, हे सांगितल्यावर मोठीआईनं मला वायरीपासून लांब बसवलं.

शेवटी फोनवरच सुरू केला. तीन डोकी, सहा इंचांचा पडदा, आणि चष्मा दोघांत एक. सुरू करताच 48 तासांचं घड्याळ लागलं, हे तेव्हा कुणाच्या लक्षात येणार? मध्यंतराच्या सुमारास ओलिताची लाईन आली. हरभऱ्याला पाणी देणं महत्त्वाचं, मोठेबाबा उठून वावरात गेले. दुसऱ्या रात्रीही तेच. तिसऱ्या दिवशी निवांत बसलो तर सिनेमाची मुदत संपलेली. पुन्हा हवा असेल तर टाकीवर चढा.

तेवढ्यात शेजारचा पोरगा डोकावला. त्याच्या पेनड्राइव्हमध्ये हाच सिनेमा होता, कुण्या मोबाईलवाल्यानं भरून दिलेला. टीव्हीवर चालतो, ट्रॅक्टरवरच्या डब्यात गाणीही वाजतात. चोरी ती चोरीच, मी नको म्हटलं. मोठेबाबांनी माझ्याकडे फार वेळ पाहिलं.

मग त्यांनी त्या पोराला बाजेवर बसवून घेतलं आणि शेवट तोंडीच सांगायला लावला. पोरानं मारामारीसकट सांगितला. मोठेबाबा समाधानानं आडवे झाले, आणि पुन्हा दचकून उठले.

"काहो गुरुजी, हे यानं सांगतलेलं किती तास चालते?"