लिबर्टी बेलची भेग ४ जुलैची नाही

जुलै उजाडला की एक मेसेज हमखास फिरू लागतो. वर फिलाडेल्फियातल्या लिबर्टी बेलचा फोटो, खाली मजकूर: ४ जुलै १७७६ ला अमेरिकेचं स्वातंत्र्य जाहीर झालं, तेव्हा ही घंटा इतक्या जोरात वाजवली की तिला भेग पडली, आणि त्या दिवसापासून तिचं नाव लिबर्टी बेल पडलं. यातल्या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. तिसरी चूक तर दुखावणारी आहे.

आधी घंटा वाजल्याचं बघू. ४ जुलैला काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेतल्या वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर केला तो बंद दाराआड. त्या रात्री जॉन डनलॅपच्या छापखान्यात त्याच्या प्रती छापल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी त्या बाहेर जाऊ लागल्या. गावाला तो वाचून दाखवला ८ जुलैला, जॉन निक्सनने, ही घंटा जिथे होती त्या स्टेट हाउस या सरकारी इमारतीच्या आवारात. शहरात घंटा वाजल्या त्या याच दिवशी. मग ४ तारखेची गोष्ट आली कुठून? जॉर्ज लिपर्ड नावाच्या लेखकाने १८४७ मध्ये एक कथा छापली. मनोऱ्यात म्हातारा घंटावाला वाट बघत बसलाय आणि खालून एक मुलगा ओरडतो, ‘वाजवा!’ कथा लोकांना इतकी आवडली की तोच इतिहास होऊन बसला.

आता भेग. ही घंटा १७५२ मध्ये लंडनहून आली आणि पहिल्याच चाचणीत तडकली. पास आणि स्टो या स्थानिक कारागिरांनी ती वितळवून पुन्हा ओतली. ठिसूळपणा जावा म्हणून तांबं वाढवलं, तर नाद बिघडला. मग १७५३ मध्येच ती आणखी एकदा ओतली. म्हणजे आज दिसते ती मुळात तिसऱ्या ओतकामातली घंटा. पुढे अनेक वर्षं वाजून वाजून तिला बारीक तडा गेला. १८४६ मध्ये वॉशिंग्टनच्या जयंतीला ती वाजावी म्हणून तड्याच्या कडा एकमेकींवर घासू नयेत, इतकी फट मुद्दाम रुंद केली. फोटोत दिसणारी सुमारे अर्धा इंच रुंदीची ‘भेग’ म्हणजे ही दुरुस्ती! तिच्या कडांवर ड्रिलच्या खुणा आजही आहेत. जयंतीच्या सोहळ्यात, २३ फेब्रुवारीला, घंटा वाजलीही, पण त्याच दिवशी दुसरा तडा वर चढत गेला आणि ती कायमची मुकी झाली. जिला सगळे भेग म्हणतात, ती घंटा वाचवायची धडपड होती. मला ही खरी गोष्ट मेसेजमधल्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोठी वाटते.

आणि नाव. १७७६ मध्ये ती नुसती स्टेट हाउसची घंटा होती. तिच्यावर बायबलमधल्या लेवीय २५:१० चं वचन कोरलेलं आहे: देशभर, तिथल्या सर्व रहिवाशांना स्वातंत्र्य जाहीर करा. १८३० च्या दशकात गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांनी त्यातल्या ‘सर्व’ या शब्दावर बोट ठेवलं. सर्व म्हणजे गुलामही ना? १८३५ मध्ये त्यांच्या एका नियतकालिकात हिला लिबर्टी बेल म्हटलं गेलं, आणि त्यांनीच ते नाव रुजवलं. मेसेज हे नाव ४ जुलैच्या जल्लोषाला बहाल करतो. ज्यांच्या वाट्याला १७७६ चं स्वातंत्र्य आलंच नाही, त्यांच्यासाठी लढणाऱ्यांची ही कमाई त्यात साफ पुसली जाते.

फिलाडेल्फियाला जाणार असाल तर एवढं करा. घंटेच्या दालनात शिरण्यापूर्वी शेजारच्या मोकळ्या जागेत थांबा. तिथे राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनचं घर होतं, आणि त्या घरात त्याने नऊ जणांना गुलाम म्हणून ठेवलं होतं. त्यांतली एक ओनी जज. मे १७९६ मध्ये मालक-मालकीण जेवायला बसलेले असताना ती घरातून निघाली, जहाजाने न्यू हॅम्पशायरला पोचली आणि पुन्हा कधी त्यांच्या हाती लागली नाही. म्हाताऱ्या घंटावाल्याची कथा छापली गेली तेव्हा ओनी हयात होती. १८४८ मध्ये ती वारली, तोवर कायद्याच्या लेखी पळून गेलेली गुलामच होती.