एआय पायलटले हवा लागत नाही काय?

राजेहो, तालुक्याच्या गावात राहून लढाऊ विमानांचं सिम्युलेटर खेळणाऱ्याला ऑनलाइन डॉगफाइट (विमानांची जवळून होणारी झुंज) परवडत नाही. हॉटस्पॉटवर पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ, 250 मिलिसेकंदांच्या खाली यायला तयार नसतो, समोरचं विमान जागच्या जागी उड्या मारतं आणि नेम बसायच्या वेळी नेमकी लाईन जाते. म्हणून दर्यापूर असो, आर्णी असो की सिरोंचा, आपल्या वाट्याला येतो तो कॉम्प्युटरनं उडवलेला पायलट. लढायला दुसरं कोणी नाहीच. आणि हा एकमेव गडी धडधडीत लबाडी करतो, याचाच संताप आहे.

आधी त्याचे डोळे पाहा. गेमच्या आत प्रत्येक विमानाची जागा, वेग आणि दिशा आकड्यांत मांडलेली असते. आपल्याला जुन्या मॉनिटरवर दोन पिक्सेलचा ठिपका शोधता शोधता डोळ्यांतून पाणी येतं. एआय ती यादी थेट वाचतो. त्याला माणसात आणायला म्हणून काही अटी घालतात: इतक्या किलोमीटरच्या आत असेल तरच दिसला समजायचं, मध्ये डोंगर आला तर नाही. पण ढगांचं काय? ढग रंगवतं ग्राफिक्स कार्ड, एआयचा हिशेब चालतो प्रोसेसरवर. त्या दोघांची गाठ घालून द्यायची तर वेगळं काम करावं लागतं, आणि ते काम नेहमी सगळ्यांच्या मागे राहतं. डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरच्या 2.7 आवृत्तीत, एप्रिल 2021 मध्ये, इतके देखणे ढग आले, पण एआयच्या नजरेला ते आडवेच येत नव्हते. आपण ढगात शिरायचं, सुटलो म्हणायचं, आणि त्यानं दोरी बांधल्यासारखं सरळ मागे यायचं.

शेपटीखालच्या आंधळ्या कोपऱ्याचीही तीच गत. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन मेसरश्मिट 109 च्या कॉकपिटमधून मागे आणि खाली काहीही दिसत नाही. डोक्यामागे चिलखती पत्रा, खाली विमानाचं स्वतःचं धड. खरे वैमानिक याच कोपऱ्यातून येणाऱ्याला बळी पडायचे. आपणही तेच करतो: खालून येतो, वेग जुळवतो, 300 मीटरवर पोचतो, पंख निशाण्याच्या वर्तुळात मावतात, बोट ट्रिगरवर जातं, आणि त्याच क्षणी तो पंख उभा करून सटकतो. काहून? कारण त्याच्या कोडमध्ये बहुतेक वेळा एवढीच तपासणी असते: कोणाचं नाक माझ्या दिशेनं इतक्या अंशांत आणि इतक्या अंतरात आहे का? असलं की ‘गस्त’ ही अवस्था सोडून ‘बचाव’ सुरू. ते नाक त्याला दिसायला हवं होतं की नाही, हे तिथे कोणी विचारतच नाही.

आता उडण्याचं घ्या, कारण खरी चीड इथे येते. एकाच वेगात 4 जी चं, म्हणजे वजनाच्या चौपट भाराचं, वळण घ्यायचं तर पंखांना चौपट उचल द्यावी लागते, आणि त्या उचलीपायी होणारा हवेचा अडथळा चौपटीच्या वर्गात, म्हणजे 16 पट होतो. म्हणूनच घट्ट वळलं की वेग गळतो, अजून ओढलं की स्टिक थरथरते आणि विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचलच जाते. हे सगळं आपल्याला भोगावं लागतं. डीसीएसमध्ये मात्र वर्षानुवर्षं एआयची विमानं वेगळ्या, सोप्या केलेल्या फ्लाइट मॉडेलवर (उडण्याच्या गणितावर) उडत आली आहेत. कोरिया युद्धातलं अमेरिकी सेबर विमान घेऊन सोव्हिएत मिग-15 च्या मागे लागून पाहा. खरा मिग चढाईत सेबरपेक्षा सरस होताच, त्याबद्दल तक्रार नाही. पण खऱ्या मिगचं 0.92 माकच्या (1 माक म्हणजे आवाजाचा वेग) आसपास काही खरं नसायचं. आणि घट्ट वळणात वेग न गमावता गोल गोल वर चढत राहणं त्या काळच्या कोणत्याच विमानाला जमत नव्हतं. कबड्डीत आपण दम धरून जायचं आणि समोरच्यानं मनसोक्त श्वास घेत चढाई करायची, असला हा डाव आहे.

आयएल-2 ग्रेट बॅटल्स या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये एआयलाही खेळाडूचंच फ्लाइट मॉडेल दिलंय, म्हणजे हे करता येतं. पण तिथे प्रत्येक विमानाचं पूर्ण गणित चालवताना प्रोसेसर मेटाकुटीला येतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 वर, कूलर दाराशी फरफर करतोय, आणि तापलेला प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो. मोठी टोळी हवेत सोडली की चित्र अडखळलंच. हे समजू शकतो. पण मग कमी विमानं द्या आणि प्रामाणिक द्या ना!

नेमबाजी तर विचारूच नका. .50 कॅलिबरची गोळी नळीतून सेकंदाला साधारण 890 मीटर वेगानं निघते. 300 मीटर गाठायला तिला तिसरा हिस्सा सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. तेवढ्यात ताशी 430 किलोमीटरनं आडवं जाणारं विमान 40 मीटरच्या वर सरकलेलं असतं. विमानाची लांबी 9 मीटर धरली तर साडेचार विमानं पुढे, रिकाम्या आभाळात नेम धरायचा. हा अंदाज बसायला माणसाला महिने लागतात. एआयला समोरच्याचा वेग दशांशापर्यंत ठाऊक, म्हणून तो बिनचूक उत्तर काढतो आणि मग त्यात मुद्दाम चूक मिसळतो. ‘रूकी’ला (नवख्याला) जास्त चूक, ‘एस’ला (सर्वांत तरबेजाला) नाहीच्या बरोबर. अवघड पातळी म्हणजे एवढंच असेल तर तो ‘एस’ हुशार कसा झाला? आपण लढवतो ते डावपेच त्याच्याकडे नाहीतच. बॉम्बरचा मागचा गनर डुगडुगत्या बुरुजातून लांबवरूनच इंजिन फोडतो, तेही याचमुळे.

कोणी म्हणेल, एआय खरोखरच माणसापेक्षा भारी झालाय. ऑगस्ट 2020 मध्ये अमेरिकेच्या डार्पा या लष्करी संशोधन संस्थेनं स्पर्धा घेतली, त्यात हेरॉन सिस्टिम्सच्या प्रोग्रामनं एफ-16 च्या अनुभवी वैमानिकाला सिम्युलेटरवर 5-0 नं हरवलं. खरं आहे. पण त्या प्रोग्रामलाही समोरच्याची स्थिती अचूक आकड्यांत मिळत होती, आणि तो समोरासमोर धावून येत गोळ्या घालायचा. सरावात वैमानिकांना अशी धडक टाळायला 500 फुटांचं अंतर राखावं लागतं. मरणाची भीती नसलेला आणि सगळं दिसणारा जिंकणारच. आपल्या गेममधला एआयही असाच समोरून येतो. त्याच्याशी नाक भिडवू नका. दीड किलोमीटरवरच बाजूला व्हा आणि उंची राखा. तो वर चढत गोल फिरू लागला की मागे जाऊ नका. सरळ निघा, वेग कमवा, वरून परत या.

डीसीएसच्या मिशन एडिटरमध्ये, म्हणजे लढाई रचायच्या साधनात, थोडी डागडुजी करता येते. शत्रूला ‘एस’ देऊ नका, एक पायरी खालचा ‘वेटरन’ ठेवा. नंतर लागणाऱ्या टोळ्यांना ‘लेट अ‍ॅक्टिव्हेशन’ (उशिरा हवेत आणणं) लावून ट्रिगरवर, म्हणजे ठरलेली अट पूर्ण झाल्यावर, उठवा, म्हणजे तोवर प्रोसेसरवर भार येत नाही. आणि वेपॉइंटची (मार्गावरच्या टप्प्याची) उंची समुद्रसपाटीपासून धरलीय की जमिनीपासून, हे प्रत्येक ठिकाणी तपासा. डोंगराळ भागात समुद्रसपाटीपासून 500 मीटर ठेवली की सगळी तुकडी टेकडीत घुसलीच म्हणून समजा.

राहिला आपला विंगमन, म्हणजे सोबत उडणारा साथीदार पायलट. शत्रूचा एआय देवासारखा आणि आपला हा असा! ‘माझ्या टार्गेटवर हल्ला कर’ म्हटलं की रेडिओवर होकार देतो आणि भलत्याच विमानामागे थेट शत्रूच्या धावपट्टीवरच्या तोफांत जातो. आपण पूर्ण थ्रॉटल दिला तर त्याच्याकडे जुळवून घ्यायला जास्तीचा जोर उरत नाही, म्हणून लीडरनं थ्रॉटल 85-90 टक्क्यांवर ठेवायचा. जेटमध्ये तर तो जागा धरायला आफ्टरबर्नर (जादा इंधन जाळून जोर देणारी सोय) लावून बसतो आणि अर्ध्या वाटेवर टाकी रिकामी करतो. ‘रिस्ट्रिक्ट आफ्टरबर्नर’ चालू करा, पण लढाई सुरू होते त्या वेपॉइंटवर ते आठवणीनं काढा, नाहीतर मिगसमोर तो बापडा निम्म्या ताकदीत मरतो. एवढी साधी गोष्ट खेळणाऱ्यानं हातानं लावायची? पेट्रोल किती उरलं, घर किती लांब, हा भागाकार ज्या मशीनला 40 मीटर पुढचा नेम बिनचूक धरता येतो तिला जमू नये?