आत कोण आहे?

परवाच्या रविवारी दुपारी माझ्या आत्याने माझ्या सीडी ड्राइव्हवर बोटाने टकटक केली आणि विचारलं, ‘‘कोण आहे आत?’’ आत कोणी नाही, हे मी तिला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज चढला, हे कबूल. मे महिना होता, आमरस झाला होता आणि लाइट जाऊन आले होते.

सुरुवात भाच्याने केली. सातवीतला मुलगा, सुट्टीला नागपूरहून पुण्याला आलेला. माळ्यावरच्या खोक्यात त्याला गाड्या पळवायचा एक जुना गेम सापडला. चार सीडी, चारही शाबूत. २००५ साली पहिल्या पगारातून घेतलेला. ‘‘मामा, लावू या?’’ आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर बारा वर्षं विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी यंत्रणा आहे आणि ते का आहे, हे मी घरातल्या प्रत्येकाला, कोणी विचारलेलं नसताना, सांगून झालेलं आहे. त्यामुळे ‘‘त्यात काय, आत्ता लावतो’’ असं म्हणण्यावाचून इलाज नव्हता.

विंडोजचे गेम लिनक्सवर चालवायला वाइन लागतं. भाचा आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडला, ‘‘आजी, मामा वाइन उघडतोय!’’ म्हणून आत्या बाहेर आली. मी तिला सांगितलं की हे सॉफ्टवेअर आहे, १९९३ साली हौशी लोकांनी लिहायला घेतलं आणि त्याची १.० आवृत्ती यायला २००८ उजाडलं. पंधरा वर्षं! तेवढ्यात पोरगं दहावी होतं. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि जवळ येऊन माझ्या तोंडाचा वास घेतला.

पहिली सीडी घातली, टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडलं, सीडीवर गेलो आणि तिथूनच सेटअप सुरू केला. पट्टी सरकत सरकत ३१ टक्क्यांवर आली आणि सूचना झळकली, दुसरी सीडी घाला. ड्राइव्हचं बटण दाबलं. ढिम्म. पुन्हा दाबलं. ढिम्म. बरोबरच होतं म्हणा. माउंट केलेली, म्हणजे वापरायला जोडून घेतलेली सीडी असेल तर लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, ड्राइव्हचं दार लावून घेतो. आधी ‘युमाउंट’ म्हणावं लागतं. (खरं तर ‘अनमाउंट’ हवं, पण पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी, युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीतच, कोणीतरी एक ‘एन’ वाचवला. तो मी अजून दर वेळी घालतो आणि ‘अशी आज्ञा नाही’ हे ऐकून घेतो.) एन न घालता युमाउंट दिलं. उत्तर आलं, टार्गेट इज बिझी.

‘‘काय म्हणतोय?’’ आत्याने विचारलं.

‘‘बिझी आहे म्हणतोय.’’

‘‘म्हणजे आत कोणीतरी आहे.’’

आत्या ७८ वर्षांची. रत्नागिरीहून लग्न होऊन गिरगावातल्या चाळीत गेली, ती एकेचाळीस वर्षं तिथेच. मजल्यावर अठरा बिऱ्हाडं, टोकाला चार संडास, त्यातल्या एकाची कडी कायम मोडलेली. बंद दारामागे माणूस आहे की दार नुसतंच पावसाने फुगलंय, हे ती दहा पावलांवरून सांगायची. ‘आत कोणीतरी आहे’ या विषयात तिचा शब्द शेवटचा. पण हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

‘‘आत्या, तसं नसतं ते.’’

‘‘मग कसं असतं?’’

मी तिला माउंट समजावायला बसलो. लिनक्समध्ये सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह अशा वेगवेगळ्या खोल्या नसतात, सगळं मिळून एकच झाड. सीडी घातली की त्या झाडाच्या एका फांदीवर तिचं कलम करायचं. कोकणातली बाई, कलम म्हटल्यावर कळेल, असा माझा हिशेब.

‘‘कलम जगलं का?’’

‘‘जगलं.’’

‘‘मग उपटतोस कशाला?’’

‘‘दुसरं लावायचंय.’’

‘‘त्याच फांदीवर?’’

‘‘त्याच फांदीवर. अशी चार लावायचीयेत.’’

ती भाच्याकडे वळली. ‘‘तुझे पणजोबा याला बागेत पाऊल टाकू द्यायचे नाहीत, ते उगाच नाही.’’

मग माझ्याकडे. ‘‘कडी आतून आहे ना?’’

‘‘हो, म्हणजे कर्नलने…’’

‘‘कर्नल असो नाहीतर ब्रिगेडियर. दार वाजव आधी.’’

आणि तिनेच वाजवलं. वाकून, कान लावून. ‘‘कोण आहे आत?’’ थांबली. भाचाही श्वास रोखून थांबला. खरं सांगायचं तर मीही थांबलो.

‘‘खोकलं का कोणी?’’ तिने भाच्याला विचारलं.

मोडक्या कडीच्या संडासात बसलेल्या माणसाने बाहेर पावलं वाजली की खोकायचं, हा चाळीचा नियम. आत्याच्या म्हणण्याप्रमाणे पुढे पुढे खोकल्यावरून माणूसही ओळखू यायचा. मला विचाराल तर ही व्यवस्था लिनक्सपेक्षा बरी. ‘बिझी’ हेही खोकणंच आहे, फक्त कोण खोकलं ते कळत नाही. आत कोण बसलंय हे कर्नलला पक्कं ठाऊक असतं, म्हणून तर तो अडवतो. पण नाव सांगणार नाही. खिडकीवर ‘साहेब कामात आहेत’ म्हणतात आणि कोणते साहेब, कसलं काम, किती वेळ, हे चौथ्या टेबलावर जाऊन विचारायचं, तसलाच प्रकार. आणि हे फुकट आहे म्हणून तक्रारही करायची नाही! केली तर कोणीतरी म्हणतं, तू लिही की मग सुधारून.

एवढ्यात आत्याला ड्राइव्हच्या तोंडावरचं बारीक भोक दिसलं. ‘‘हे कशाला आहे?’’ तार खुपसून ट्रे बाहेर काढायला, असं मी बोलून बसलो आणि वाक्य पूर्ण व्हायच्या आत तिने बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन सोडवली. सीडी आत फिरत असताना असं करायचं नसतं. मी पिन तिच्या हातातून जवळजवळ हिसकावली. ‘‘आम्ही दार तोडायचो,’’ ती दुखावून म्हणाली, ‘‘पण माणसाला बाहेर काढायचोच.’’

शेवटी मी चौथ्या टेबलावर गेलो. एलएसओएफ नावाची एक आज्ञा आहे, कोण कोणती फाइल किंवा फोल्डर धरून बसलंय त्याची यादी देते. भाच्याने ती मोठ्याने वाचली, मी नको म्हणत असताना. सेटअप होताच, तो असणारच. पण त्याच्या वर आणखी एक नाव होतं.

‘‘मामा, बॅश कोण?’’

बॅश म्हणजे माझ्या टर्मिनलमध्ये बसून आज्ञा ऐकणारा प्रोग्राम. म्हणजे मी. एखाद्या फोल्डरमध्ये जायच्या आज्ञेचं नावही सीडीच आहे. तर मी सीडीवर सीडी केलं होतं आणि त्या सीडीवर उभा राहून तिला बाहेर ये म्हणत होतो. सेटअपही तिथूनच सुरू केलेला, त्यामुळे माझ्या पाठोपाठ त्यानेही तिथेच बैठक मारली होती.

‘‘म्हणजे आत कोण होतं?’’ आत्याने विचारलं.

मी बोललो नाही.

‘‘मामाच होता,’’ भाचा म्हणाला.

आत्या हसली असती तर मी विसरलो असतो. ती हसली नाही. चष्मा पुसत म्हणाली, ‘‘आत बसून स्वतःच दार वाजवणारा मी पहिल्यांदाच पाहिला.’’

पुढचं भरभर सांगतो. सेटअप बंद केला, टर्मिनल होम फोल्डरमध्ये आणलं आणि तिथून सीडीचा पूर्ण पत्ता देऊन सेटअप पुन्हा पहिल्यापासून चालवला. ३१ टक्के. युमाउंट. दार उघडलं. दुसरी सीडी घातली, तर गेम पुन्हा म्हणतो, दुसरी सीडी घाला! आमचा डेस्कटॉप सीडीच्या नावावरून फोल्डर बनवतो, आणि दुसऱ्या सीडीचं नाव वेगळं. वाइनचा डी ड्राइव्ह मी हाताने जोडलेला, तो बिचारा पहिल्याच पत्त्यावर जाऊन दार ठोठावत होता. ‘‘भाडेकरू बदलला म्हणून खोलीचा नंबर बदलतात का रे कुठे?’’ आत्या म्हणाली. याला माझ्याकडे उत्तर नाही. शेवटी एकच फोल्डर ठरवला, डी ड्राइव्ह कायमचा त्याला जोडला आणि चारही सीडी आळीपाळीने त्याच खोलीत उतरवल्या. सहा वाजले. भाच्याने गेम सुरू केला.

‘कृपया मूळ सीडी घाला.’

मूळ सीडी आतच होती. मी ९९९ रुपये मोजून घेतलेली. तेव्हा नाक्यावर पन्नास रुपयांत नकली मिळायची आणि त्या नकलीतलं हे मूळ सीडी मागणारं कुलूप आधीच फोडलेलं असायचं. म्हणजे ती घेतली असती तर परवा भाचा गाडी पळवत असता. हे कुलूप सेफडिस्कच्या जातीचं. विंडोजच्या पोटात स्वतःचा ड्रायव्हर बसवून सीडी अस्सल आहे का ते तपासणारं. २०१५ साली आलेल्या विंडोज १० नेही सेफडिस्कला घराबाहेर काढलं. म्हणजे हा गेम दाजींच्या विंडोजवरही चालला नसता! हे मी भाच्याला सांगितलं, बहिणीला फोन करून सांगितलं, दाजींना स्वतंत्र मेसेज केला. दाजींनी अंगठा पाठवला.

बहिणीचा दुसऱ्या दिवशी उलटा फोन आला. ‘‘अरे, आत अडकला होतास म्हणे?’’ फॅमिली ग्रुपवर आत्याने पाच मिनिटांचा व्हॉइस मेसेज टाकलाय. त्यात लिनक्सचा उल्लेख नाही, संडासाचा सात वेळा आहे.

भाचा गेला नागपूरला. आत्या अजून आहे, जूनपर्यंत राहील. तिची पिन मी परत दिली. पण रविवारपासून ती माझ्या खोलीत यायच्या आधी दारावर टकटक करते आणि मी खोकेपर्यंत आत येत नाही.