अवघड जागेचं दुखणं आणि फॉरवर्डवाला डॉक्टर

अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर, ही म्हण आता जुनी झाली. जावयाची गरजच उरली नाही, मोबाइल आहे ना! गेल्या आठवड्यात रात्री साडेअकराला धाकट्या भावाचा फोन. "दादा, एक विचारू? वहिनीला सांगू नकोस." पंधरा दिवस लिंगाची पुढची कातडी लालभडक झालेली, चड्डी नुसती घासली तरी डोळ्यांत पाणी. उपचार काय चालू होते, तर 'पुरुषांनो, लाजू नका' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश.

तो त्याने मला पाठवला. सार असं: खाज म्हणजे अस्वच्छता, तेव्हा दिवसातून तीनदा साबण आणि जंतुनाशक लावून धुवा. रात्री कातडी मागे सारून झोपा, हवा लागेल. उतार नसेल तर लिंबाचा रस चोळा. लहान मुलांची कातडी रोज आंघोळीत मागे ओढा. तरीही खाज राहिली तर तो गुप्तरोगच. आणि सगळ्यावर कायमचा उपाय म्हणजे सुंता.

आधी ते धुणं. भाऊ मगभर पाण्यात जंतुनाशक ओतायचा, पाणी दुधासारखं पांढरं होईपर्यंत. वर साबण. हे सकाळ, दुपार, संध्याकाळ. कातडीची आतली बाजू आणि तिच्याखालचं मुंड, म्हणजे लिंगाचं टोक, ही हाताच्या तळव्यासारखी राठ कातडी नव्हे, ती ओठाच्या आतल्या बाजूसारखी असते. ओठाच्या आत रोज तीनदा साबण चोळलात तर काय होईल, ते चौथ्या दिवशी जेवताना कळेल. साबणाने त्वचेवरचा तेलकट थर निघून जातो, ती कोरडी पडते, चिरते, चुरचुरते. मग माणसाला वाटतं अजून घाण आहे, आणि तो आणखी घासतो.

हे माझं मत नाही. 1993 मध्ये 'जेनिटोयुरिनरी मेडिसिन' या ब्रिटिश नियतकालिकात पुन्हापुन्हा असा दाह होणाऱ्या 43 पुरुषांचा अभ्यास आला होता. त्यातल्या 31 जणांना ना जंतूंचा विकार होता ना गुप्तरोग. त्यांची त्वचा नुसती चिडलेली होती. या लोकांमध्ये अ‍ॅलर्जीची प्रवृत्ती जास्त होती आणि ते साबणाने धुतही जास्त वेळा होते. त्या 31 पैकी 28 जणांना साबण कमी करून आणि साधं मऊपणा आणणारं क्रीम लावूनच आराम पडला. अभ्यास छोटा आहे, मान्य. पण फॉरवर्डच्या मागे तेवढाही नाही.

आता कबूल करायचं ते करतो. अजिबात न धुणंही वाईटच. कातडीखाली पांढरा मळ साचतो, वास येतो, दाह होतो. घट्ट कातडी आणि वर्षानुवर्षांची अस्वच्छता यांचा लिंगाच्या कर्करोगाशी संबंध आहे, हेही खरं. पण त्यासाठी दिवसातून एकदा कोमट पाणी पुरतं. कातडी सहज जाईल तेवढीच मागे घ्यायची, धुवायचं, टिपून कोरडं करायचं आणि कातडी पुन्हा पुढे आणायची.

ते 'पुन्हा पुढे' महत्त्वाचं, कारण दुसरा मुद्दा वाचून मी मोबाइल आपटायचाच बाकी होतो. कातडी मागे ठेवून रात्रभर झोपा म्हणे! घट्ट किंवा सुजलेली कातडी मागे राहिली की मुंडाच्या खाली अंगठीसारखी आवळते. पुढचा भाग सुजतो, सुजला की अंगठी आणखी आवळते, आणि रक्तपुरवठा अडू शकतो. याला पॅराफायमोसिस म्हणतात. लघवीची नळी घातल्यावर कातडी पुढे आणायची राहिली तर रुग्णालयातसुद्धा हे होतं, म्हणून तिथल्या लोकांना ते बजावून शिकवतात. इकडे आमचा फॉरवर्डवाला तेच मुद्दाम करायला सांगतोय. कातडी अडकली आणि परत येईना, तर सकाळची वाट बघायची नाही, मध्यरात्रीसुद्धा तातडीच्या विभागात जायचं.

लिंबाच्या रसाबद्दल काय बोलणार? चिरलेल्या त्वचेवर आम्ल. पुढे.

लहान मुलांचं थोडक्यात सांगतो. जन्मतः कातडी मुंडाला आतून चिकटलेलीच असते. ती वाढत्या वयात आपोआप सुटते, काहींची तर वयात येईपर्यंत. जोर लावला तर चिरते, जखमेचा व्रण धरतो, आणि मग ती खरोखरच अडते. कुणीही ओढायची नाही, आजीने सांगितलं तरी नाही.

खाज म्हणजे गुप्तरोगच, हेही चूक. कधी असतो, विशेषतः फोड, व्रण किंवा स्राव असेल तर तपासणी हवीच. पण साधी बुरशीही असते, सोरायसिस असतो, साबणाचा त्रास असतो. आणि कातडीच्या टोकाला बारीक भेगा पडून बुरशी पुन्हापुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासावी. मधुमेह कधीकधी असा पहिल्यांदा दार ठोठावतो. मधुमेहाच्या ज्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, डापाग्लिफ्लोझिन वगैरे, त्यांनीही इथे बुरशी होते. पण म्हणून गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. कपाटात पडलेलं खाजेचं मलमही नको. त्यात स्टेरॉइड असेल तर बुरशी दबते, दिसेनाशी होते आणि आत पसरत राहते.

सुंतेचं अर्धसत्य आहे. कातडी पांढरट, कडक होत आवळत चालली असेल, लायकेन स्क्लेरोसस नावाचा विकार असेल, मलमांनी भागत नसेल, तर ती करावी लागते. पण तीनदा साबण लावून आलेल्या लालीसाठी शस्त्रक्रिया?

भावाला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी बुरशीसाठी नमुना घेतला, साबण बंद केला, साधं क्रीम दिलं. पाचव्या दिवशी म्हणाला, बसता येतंय. आमच्या बाबांना मधुमेह आहे, म्हणून साखरही तपासायला सांगितली होती. ती अजून तपासलेली नाही. काल विचारलं तर म्हणतो, "बघतो, दादा."