हॅनोवर इंग्रजांनी घेतलंच नव्हतं हो

तीन दिवसांत चार ग्रुपवर तोच फॉरवर्ड आला, म्हणे "हॅनोवर हे जर्मन राज्य इंग्लंडने १७१४ ला घशात घातलं, १२३ वर्षं लंडनहून चालवलं आणि १८३७ ला व्हिक्टोरियाने काकाला आंदण दिलं." सालं बरोबर आहेत, बाकी सगळा उलटा कारभार.

घशात घातलं? अहो, हॅनोवरचाच माणूस लंडनच्या गादीवर जाऊन बसला. इंग्लंडच्या १७०१ च्या कायद्याने गादीसाठी कॅथलिक बाद, म्हणजे राजघराण्याचे जवळचे पन्नासच्या वर नातेवाईक गेले आणि नंबर लागला हॅनोवरच्या म्हाताऱ्या सोफियाचा, ती जून १७१४ मध्ये वारली आणि ब्रिटनची ॲन राणी १ ऑगस्टला, सोफियाने दोन महिने अजून काढले असते तर तीच राणी झाली असती! मग तिचा मुलगा जॉर्ज आला. ना लढाई ना तह.

लंडनहून चालवलं म्हणताय, तर राजा तिथे राहायचा एवढंच खरं. मंत्री, फौज, तिजोरी, कायदे सगळं हॅनोवरचं वेगळं, ब्रिटिश पार्लमेंटला तिथे कोण विचारतं. १७४१ चा किस्सा बघा ना, पार्लमेंट ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाला ३ लाख पौंड मंजूर करतंय, आणि इकडे फ्रेंच फौज जवळ आल्यावर तोच राजा, दुसरा जॉर्ज, हॅनोवरचा इलेक्टर (म्हणजे जर्मन सम्राट निवडायचा हक्क असलेला राजा) म्हणून तटस्थ राहायचं कबूल करतो, वर त्या सम्राटाच्या निवडणुकीत मत देतो तिच्या शत्रूला, बव्हेरियाच्या कार्ल आल्बर्टला. वसाहतीला हे जमेल का? आपल्याकडे १७८३ ला कडलूरला फ्रेंचांशी लढायला हॅनोवरची माणसं होती, तीसुद्धा ईस्ट इंडिया कंपनीने पैसे मोजून आणलेली.

आणि आंदण कसलं, व्हिक्टोरियाच्या हातात द्यायला काही होतंच कुठे? हॅनोवरचा नियम असा की घराण्यात पुरुष वारस आहे तोवर बाईला गादी नाही. २० जून १८३७ ला चौथा विल्यम गेला, ब्रिटन पुतणीला, हॅनोवर भावाला, एर्न्स्ट ऑगस्टला. हा गडी आल्या आल्या १८३३ ची राज्यघटना रद्द करून मोकळा, हॅनोवरच्याच ग्यॉटिंगेन विद्यापीठाच्या सात प्राध्यापकांनी निषेध केला तर सातही जणांची नोकरी गेली, त्यात ग्रिम बंधू, हो हो, तेच परीकथावाले.

घशात घालणं म्हणायचंच तर ते १८६६ ला प्रशिया या दुसऱ्या जर्मन राज्याने केलं, आणि लंडन मधे पडलं नाही.